दयेचे इंग्रजी शब्द आणि कुडपणची बाई

आमच्या घरी पाचपन्नास पाहुणे जमले, दुपारची जेवणं होऊन सुपारी कातरायला घेतली, की कोणीतरी हमखास म्हणतं, "तात्या, कुडपणची गोष्ट सांगा." मग मी पोटावरून हात फिरवतो, नको नको म्हणतो आणि सांगतो. गोष्ट अशी, की एका गरीब आजारी बाईसाठी तात्या स्वतः डोंगर चढून कुडपणला गेले, अर्ज लिहिला, आणि तिच्या नवऱ्याला मुंबईच्या साहेबानं रजा दिली. बायका पदरानं डोळे टिपतात. पोरं विचारतात, "तात्या, वाटेत वाघ नाही भेटला?" एका वर्षी भेटला होता, पुढच्या वर्षी मी तो काढून टाकला.

फक्त आमच्या घरातून, म्हणजे बायकोकडून, दर खेपेला आतून एक प्रश्न येतो. "पण तुम्हाला जावं का लागलं? देवळापर्यंत चालायचं तर तुम्हाला चपलेचा खिळा टोचतो, आणि कुडपणला गेलात?" मी हसून सुपारीचं खांड तोंडात टाकतो. गेली कित्येक वर्षं टाकतो आहे. एका दिवाळी अंकाच्या संपादकांनी आता धंद्यातले अनुभव मागितले आहेत, तेव्हा गाळलेला भाग इथं लिहितो. घरात अंक येईल आणि वाचलाही जाईल. चालेल.

माझा धंदा अर्ज लिहिण्याचा. महाडच्या मामलेदार कचेरीसमोर चिंचेखाली मी चटई टाकून बसे. पुढ्यात उतरती पेटी, दौत, टाक, टीपकागद आणि पाठ मोडलेली एक इंग्रजी डिक्शनरी. मॅट्रिकला मी दोनदा बसलो आणि दोन्ही वेळा उठलो. पण कचेरीच्या दाराबाहेर नापास माणसाचं इंग्रजी पुष्कळ चालतं. माणूस येऊन आपली कर्मकथा सांगे. त्यातली निम्मी मी सोडून देई, उरलेली इंग्रजीत लिही आणि शेवटी दया मागे. या शेवटच्या ओळीतच सगळी कारागिरी. हकीकत कोणीही लिहील, पण दया नेमकी कोणती मागायची हे कळायला चिंचेखाली दहा वर्षं काढावी लागतात.

आपल्याकडे दया म्हटलं की काम भागतं, फार तर करुणा, कळवळा. इंग्रजांनी मात्र दयेच्या वाटण्या केल्या आहेत. मला उमगल्या त्या अशा. समजा एक माणूस विहिरीत पडला आहे. काठावर उभं राहून आत डोकावून "अरेरे, बिचारा" म्हणायचं, ती 'पिटी'. काठावर बसकण मारून "अहो, मीही एकदा पडलो होतो हो" म्हणायचं, ती 'सिंपथी'. ज्यानं ढकललं किंवा जो अजून ढकलू शकतो, त्यानं हात आवरायचा, ती 'मर्सी'. तिला आधी गुन्हा लागतो, बिनगुन्ह्याच्या माणसानं ती मागू नये. 'क्लेमन्सी' म्हणजे मर्सीच, पण फेटा बांधलेली. ती गव्हर्नराकडे मागायची, ती मी आयुष्यात एकदाच लिहिली आणि तिचं स्पेलिंग चुकलो. आणि दोर कमरेला बांधून आत उतरायचं, आपलं धोतर भिजवायचं, ते 'कंपॅशन'.

गिऱ्हाइकांना या वाटण्यांशी काय करायचं? वरंधचा एक गणपा रानडुकरं मारायला बंदुकीचं लायसन मागायला आला होता. त्याला कोणीतरी सांगितलं होतं, की दयेला पाच शब्द असतात.

"पाची घाला तात्या."

"अरे, बंदुकीला दया कशाला?"

"तुमचं काय जातंय? शाईच ना? डुकरं माझी वरी खातायत."

घातले पाची. साहेबानं अर्ज परत पाठवला आणि वर शेरा मारला, की अर्जदाराची मनःस्थिती पाहता त्याच्या हाती बंदूक देणं धोक्याचं वाटतं. गणपानं पुढं दोन वर्षं मला रामराम घातला नाही.

आता मुद्द्याचं. पोलादपूरच्या वरच्या वाड्यांतले निम्मे बाप्ये मुंबईला. कोणी गोदीत, कोणी गिरणीत, कोणी साहेबाच्या हापिसात पट्टेवाला. शिमग्याला गावात देवाची पालखी नाचणार आणि हा तिकडं साहेबाच्या दारात स्टुलावर बसणार, हे कोणाला सोसेल? पण साहेब शिमग्याची रजा देत नसे. तो रजा देई ती आईबाप मरणाला टेकले तर. म्हणून शिमग्याच्या आधी पंधरवडाभर आमच्या तालुक्यातल्या झाडून सगळ्या म्हाताऱ्या आजारी पडत. शेजारच्या तालुक्यात अशी साथ नसे. गावाकडून इंग्रजी अर्ज जाई, त्यावर "हकीकत खरी" असा कचेरीचा शिक्का बसे आणि पोरगा येई. म्हातारी पालखीपुढं फुगडी घाली.

शिक्का मारायचं काम अव्वल कारकून भाऊरावांचं. एकदा त्यांनी एका "मरणासन्न" म्हातारीच्या अर्जावर शिक्का मारला आणि त्याच आठवड्यात तीच म्हातारी मामलेदारसाहेबांना कोंबड्या विकायला बंगल्यावर गेली. भाऊरावांची चांगलीच हजेरी घेतली गेली. संध्याकाळी ते चिंचेखाली आले.

"तात्या, मी काय प्रत्येक डोंगरावर चढून नाड्या बघू? तू यांच्या तोंडासमोर बसतोस. खरं कोण, खोटं कोण, तुला वास येतो. मला खूण देत जा."

मी खूण दिली. अर्जाच्या शेवटी मी 'पिटी' लिहिली, तर समजायचं सोंग आहे, अर्ज खालच्या कप्प्यात. 'सिंपथी' लिहिली, तर मला सांगता येत नाही, तुम्ही बघा. 'कंपॅशन' लिहिलं, तर मी स्वतः डोळ्यांनी पाहिलंय, शिक्का मारा. अर्जदाराला इंग्रजी येत नव्हतं. तो माझ्या टाकाकडं भक्तिभावानं बघत बसे आणि मी त्याच्यासमोरच त्याचा निकाल लिहून मोकळा होई. मला याचा फार अभिमान वाटे. खुर्चीवरच्या मामलेदाराला साक्षीपुरावा लागतो, आणि हा झाडाखालचा मामलेदार नुसत्या नजरेवर ओळखतो! नजर अशी तयार झाली, की घरी पोरगी पोट दुखतं म्हणाली तरी मी आधी शाळेत आज गणित आहे का ते विचारी.

माघ संपत आला होता तेव्हाची गोष्ट. कुडपणची एक बाई आली. पंचविशीची असेल. नेसूचं लुगडं धुवट, गाल लालबुंद. बायका सहसा उभ्याउभ्या बोलत, ही आल्या आल्या चटईच्या कोपऱ्यावर बसलीच. पाणी मागितलं. प्याली, परत मागितलं.

"सासू आजारी हाय तात्या. धन्यांना बोलवायचं हाय. मुंबयला हायेत, सायबाच्या हापिसात पट्टेवाले."

"नाव?"

नवऱ्याचं नाव ती कशी घेणार? पदराचा शेव तोंडावर धरून म्हणाली, "लंका जाळलान् त्येचं."

"मारुती!" मी लिहिलं, आणि टाक थांबला. कुडपणचा मारुती, पट्टेवाला. गेल्या वर्षीच्या शिमग्याला याच्याच आईची अखेरची घडी मी इंग्रजीत लिहिली होती. एक गाववाला लिहवून घेऊन गेला होता. पुढं महिन्याभरानं त्यानंच हसत सांगितलं होतं, की म्हातारी पालखीपुढं सगळ्यांत जास्त नाचली. म्हणजे तीच म्हातारी, तोच मुलगा, तोच शिमगा!

मी चष्मा कपाळावर चढवला. मला उलटतपासणीची हौस फार.

"काय होतंय सासूला?"

"सांजच्याला ताप भरतो. रातीला घाम फुटतो, वाकळ भिजते. खोकला तर थांबत नाय. थुकीतनं रगत येतं. आणि हिकडं दुखतं, हिकडं," तिनं स्वतःच्या डाव्या बरगडीवर हात ठेवला, "सुई टोचल्यावानी. कूस बदलली की सुई पण कूस बदलते."

मी मनात म्हटलं, पाठांतर झकास आहे. सासूच्या बरगडीतली सुई कुठल्या कुशीवर असते हे जिला ठाऊक आहे अशी सून मी उभ्या जन्मात पाहिली नव्हती. त्यात बोलताना सारखा पदर तोंडावर. हसू लपवते आहे, दुसरं काय!

अर्ज होत आला तशी ती हळूच म्हणाली, "तात्या, सायेब आईसाठी सोडतो ना?"

"सोडतो."

"आणि बायकूसाठी?"

मला विनोद सुचला. मला विनोद सुचला की आवरत नाही, हे घरचे सांगतील. मी म्हटलं, "बायकोसाठी रजा द्यायला लागले तर मुंबई ओस पडेल, बाई. साहेबाच्या कायद्यात बायको आजारीच पडत नाही."

ती हसली. हसता हसता खोकली, पदरात तोंड खुपसून बराच वेळ. मग उठून गेली. जाताना चिंचेच्या खोडाला हात टेकून घटकाभर उभी राहिली. मी इकडं शेवटची ओळ लिहीत होतो. 'पिटी' लिहिलं. शंका राहू नये म्हणून दोनदा लिहिलं. भाऊरावांनी वाचून खिडकीतून माझ्याकडं पाहिलं, मान डोलावली आणि अर्ज खालच्या कप्प्यात टाकला.

तो तिथं अकरा दिवस पडून होता.

बाराव्या दिवशी एक म्हातारी आली. काटक, हातात काठी, पण ती टेकायला नव्हे, रस्त्यातली कुत्री हाकायला. काखेत एक कोंबडी. ती सरळ माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"अर्ज लिवणारा तात्या तूच काय रे?"

"मीच. तुम्ही कोण?"

"मी कुडपणची. मारुतीची आय. ती मरणारी."

मी टाक खाली ठेवला. कोंबडी ओरडली.

"सून येऊन गेली ना तुझ्याकडं? माझ्या नावानं लिवलंस ना? मग पोरगा का आला नाय?"

"पण म्हातारे, तुम्ही तर चांगल्या धडधाकट!"

"मी हाय रे. मला काय धाड भरलीय? ती पडली हाय. चार महिनं झालं, खोकून खोकून फुफ्फुस सांडलान् तिनं. मी म्हनलं, नवऱ्याला कळव. नाय म्हनली. बायकूच्या दुखण्याला बाप्या बोलावला तर वाडीत काय म्हनतील? म्हनली, तुमच्या नावानं बोलावते, आत्या. रागावू नका. मी कशाला रागावू? माझं नाव घालून नवरा येत असंल तर येऊ दे. तुझ्याकडनं जी आली, ती परत उठली नाय."

बरगडीतली सुई तेव्हा मला टोचली. तिनं एक शब्द खोटा सांगितला नव्हता, फक्त बरगडी कोणाची ते तेवढं बदललं होतं. आणि मी नेमका तेवढाच बदल पकडला होता.

म्हातारी खाली बसली. कोंबडी पेटीवर ठेवली. "आता असं कर. गेल्या साली मरायला टेकली लिवलंस. औंदा मेली म्हनून लिव. मेल्याची रजा मोठी आसंल ना? लिव, मी काय कुणाला सांगायला जात नाय."

मी कचेरीत गेलो. भाऊरावांपुढं सगळं सांगितलं. त्यांनी खिडकीतून चिंचेखाली पाहिलं.

"गेल्या वर्षी मरायला टेकलेली ती हीच?"

"हीच."

"आणि आता तू म्हणतोस सून खरी आजारी आहे. कशावरून?"

"म्हातारी सांगते."

"तात्या," भाऊराव पानाला चुना लावत म्हणाले, "म्हातारी सांगते म्हणून शिक्का मारायचा, तर तुझी खूण काय चाटायची? की कोंबडी मिळाली?"

बारा वर्षं मी ज्या नजरेनं लोकांकडं बघत होतो, त्याच नजरेनं ते माझ्याकडं बघत होते. ती नजर समोरून कशी दिसते हे मला पहिल्यांदाच कळलं.

"कंपॅशन म्हणजे डोळ्यांनी पाहिलेलं," भाऊराव म्हणाले. "नियम तुझाच आहे. बघून ये, मी शिक्का मारतो."

तर जावं लागलं ते असं. कळवळ्यानं नव्हे, नियमानं.

पोलादपुरापर्यंत सर्व्हिस मोटार होती. तिथनं आंबेनळीच्या वाटेला लागून पुढं डोंगर. म्हातारी पुढं, मागं मी. दर वळणावर ती थांबून म्हणे, "ये रे, ये. आमच्याकडची पोटुशी बाय पन ह्याहून बिगी चढते." या चढावरून ती आजारी बाई माझ्याकडं उतरून आली होती आणि परत चढून गेली होती. मी ते मनात आणायचं नाही असं ठरवून चालत होतो. वाटेत म्हातारीनं बजावलं, "मी महाडला गेल्याचं तिला ठाव नाय हां. पोलादपूरच्या बाजाराला गेले सांगितलंय."

घराच्या पडवीत ती वाकळेवर पडली होती. दोन आठवड्यांत अर्धी झाली होती. मला दारात पाहिलं मात्र, आणि तिच्या डोळ्यांत भीती उभी राहिली. कचेरीचा माणूस आला. सासू खरंच मरते आहे का ते बघायला आला!

ती कोपरावर उठली. मागून येणाऱ्या म्हातारीला घाईनं म्हणाली, "आत्या! उन्हात कशाला गेलाव? आजारी मानसानं असं फिरायचं आसतं? पडा बघू. पडा हितं." आणि आपली वाकळ सोडून बाजूला सरकली. भिंतीला धरून उभी राहिली आणि सासूसाठी वाकळ झटकली.

म्हातारीनं माझ्याकडं पाहिलं. मी म्हातारीकडं. मग ती, आत्ता डोंगर चढून आलेली, मला वळणावळणावर टोमणे मारणारी म्हातारी, मुकाट त्या वाकळेवर पडली आणि कण्हू लागली. "आय गं... नाय रे देवा ऱ्हायलं काय आता..."

"बगा तात्या," ती बाई भिंतीला टेकून म्हणाली, "बगा कसं हाल चाललंत."

मी म्हातारीजवळ बसलो. तिचं मनगट हातात घेतलं. नाडी बैलासारखी चालली होती. मी जीभ टाळूला लावून च्च केलं आणि म्हटलं, "फारच गंभीर आहे. अर्ज पुढं पाठवतो. आजच."

तिचा चेहरा सैल पडला. बारा वर्षांत मी लोकांची सोंगं पकडत आलो. सोंगात स्वतः सामील झालो तो तेवढाच. निघताना मी तिला तिचं नाव विचारलं. "माझं कशाला? अर्ज तर आत्याचा हाय," ती म्हणाली. मी म्हटलं, कचेरीला लागतं. तिनं सांगितलं, मी लिहून घेतलं.

अर्ज मी पोलादपुरातच एका दुकानाच्या फळीवर बसून लिहिला. आई धडधाकट आहे. पत्नी क्षयानं अंथरुणाला खिळली आहे. लिहिणाऱ्यानं स्वतः पाहिलं आहे. आणि शेवटी 'कंपॅशन', एकदाच. भाऊरावांनी वाचला आणि शिक्का मारला.

बायकोसाठी रजा मिळणार नाही याची मला खात्री होती. होळी झाल्यावर तिसऱ्या दिवशी मारुती बोटीनं दासगावला उतरला. साहेबानं अर्ज वाचून त्याच दिवशी सोडला होता. बायकोसाठी! म्हणजे असा कायदा कधी नव्हताच. तो मी चिंचेखाली बसल्या बसल्या केला होता, हशा मिळावा म्हणून.

चार दिवसांनी मारुती माझ्याकडं आला. उंच, वाकलेला, हापिसातला खाकी कोट घातलेला.

"तात्या, तुमी वर चला. ती ऐकत नाय."

"काय ऐकत नाही?"

"मी सांगतो, तुझ्यासाठी आलो, सायबानं तुझ्यासाठी सोडलं. तर म्हनते, खोटं. आईसाठीच आलाव. बायकूसाठी सायेब सोडत नाय, तात्यानं सांगितलंय."

मी दुसऱ्यांदा कुडपणला गेलो. या खेपेला भाऊरावांनी पाठवलं नव्हतं. ती आता उठत नव्हती. मी तिच्याजवळ बसून म्हटलं, "बाई, मारुती खरं सांगतो. मी चुकीचं बोललो होतो. साहेबानं तुझ्यासाठीच सोडलंय त्याला."

तिनं माझ्याकडं पाहिलं. मग फार हळू म्हणाली, "त्या दिवशी आत्याची नाडी धरून गंभीर हाय म्हनालाव. आता आत्या तर भात कांडते हाय." पदर तोंडावर ओढून ती थोडी हसली. "तुमी पन खोटंच बोलता तात्या. आता खरं कशावरनं?"

माझ्यासारख्या माणसाला कोणी असं विचारलं नव्हतं, विचारायचं काम माझं होतं. मारुतीनं कोटाच्या आतल्या खिशातून घडी काढली. माझाच अर्ज, कोपऱ्यात साहेबाची मंजुरीची सही. मी तो उलगडला आणि वाचला, इंग्रजीतच, पहिल्यापासून शेवटपर्यंत. मराठीत सांगितलं असतं तर तिला परत माझाच शब्द वाटला असता. तिला काही कळलं नाही, पण मध्येच एके ठिकाणी ती चमकली.

"काय म्हनलाव? परत म्हना."

"भागीरथी."

"माझं नाव हाय त्येच्यात?"

मी बोट ठेवून दाखवलं. तिनं आपलं बोट माझ्या बोटाशेजारी आणलं आणि त्या अक्षरांवरून फिरवलं, एकदा इकडून, एकदा तिकडून, आकडे मोजावेत तसं. "आत्याचं नाव कुटं हाय?" मी म्हटलं, नाही. तिनं नवऱ्याकडं पाहिलं. मग कागद मागितला आणि उशाखाली सारला.

पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी ती गेली. मारुती येऊन तिला चौदा दिवस झाले होते. पंचवीस झाले असते. ते अकरा कुठं गेले ते मला आणि भाऊरावांच्या खालच्या कप्प्याला ठाऊक आहे. त्या खुणा मी बंद केल्या. भाऊराव चिडले, "मग मला कळायचं कसं?" मी म्हटलं, डोंगर चढून. ते काही चढले नाहीत, आणि खरं सांगायचं तर मीही फारसा नाही. संशय अजून येतो. पोट दुखतं म्हटलं की गणिताचा तास आठवतोच. फक्त आता अर्ज लिहिण्याआधी मी बाईचं नाव विचारतो.

हे लिहून झाल्यावर कागद आमच्या घरातच आधी वाचायला दिले. वाचून झाल्यावर कागदांची चौकोनी घडी घातली गेली. मला वाटलं, आता पहिल्या अर्जाचं निघणार. पण वेगळंच निघालं.

"इतकी वर्षं गोष्ट सांगता. 'कुडपणची बाई, कुडपणची बाई.' तिला नाव होतं हे आज कळलं मला."

या दिवाळीला पाहुणे जमतील तेव्हा भागीरथीची गोष्ट सांगेन म्हणतो.